काठातली वाट

ग्लेनाबाह अट्टाकाई या बाईने आयुष्यात पूर्ण विश्वास टाकला तो एका खेचरावर, आणि ते मरून बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ती जागा रिकामी आहे. नवऱ्यावर होता का, असं मी एकदा विचारून पाहिलं. "चांगला माणूस होता," ती म्हणाली, "पण झोपेत हसायचा." गेलेल्या माणसाबद्दल आम्हा नावाहो लोकांत तसंही फार बोलत नाहीत. पण मावशीने दोन वाक्यांत बोलायचं तेवढं बोलून घेतलं.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. तिचं आणि माझ्या आईचं कूळ एक, पाण्याच्या काठच्यांचं. कूळ आमच्यात आईकडून येतं, म्हणून ती मावशी आणि मी तिचा लेक. ती मला लेका म्हणते, आणि लेकाला जितपत काम सांगावं त्याहून थोडं जास्त सांगते. चुस्का डोंगराच्या पायथ्याशी डांबर संपतं, तिथून पुढे धुळीच्या वाटेवर तिचं गोल घर आहे. दार पूर्वेला, सगळ्यांचं असतं तसं. खिडकी मात्र रस्त्याकडे, आणि माग त्या खिडकीसमोर. उजेडासाठी, असं ती सांगते. उजेड दुसऱ्या खिडकीतून जास्त येतो. या खिडकीतून येणाऱ्याची धूळ तो स्वतः पोचायच्या कितीतरी आधी दिसते, आणि मावशीला उजेडापेक्षा ते महत्त्वाचं.

रेडिओवर हवा सांगणाऱ्यावर तिचा संशय आहे: तो कधी बाहेर आलेला कुणी पाहिलेला नाही. दाताच्या डॉक्टरवर आहे, कारण त्याने तिची दाढ काढली आणि ठेवून घेतली. "माझी दाढ त्याला कशाला हवी?" हा प्रश्न ती मला दर हिवाळ्यात विचारते. माणसाच्या अंगातून निघालेली वस्तू परक्या हातात राहू नये हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं; चेटूक करायला तेवढं पुरतं.

मावशी गालिचे विणते. मेंढीच्या अंगावर असतात तेच रंग, पांढरा, तपकिरी, करडा, आणि भोवती रुंद काळा काठ. त्या काळ्या काठात, वरच्या उजव्या कोपऱ्याजवळ, ती एक वाट ठेवते. आतल्या फिकट लोकरीचा एकच धागा काठ ओलांडून थेट कडेपर्यंत जातो. चारी बाजूंनी काठ घातला की विणणारीचं मन आत कोंडलं जातं, आणि पुढचा गालिचा विणायला मन तर बाहेर हवं. म्हणून ही वाट. आमच्या सगळ्या बायका ठेवतात. मावशी ती ठेवते, मग दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवली आहे की नाही ते पाहते, आणि विकायला नेताना रस्त्यात गाडी थांबवायला लावून पुन्हा पाहते. खालच्या डाव्या कोपऱ्यातही ती काहीतरी करते. काय ते ठाऊक नाही, कारण त्या वेळी मी घरात असलो तर ती मला मेंढ्या मोजायला पाठवते.

त्या वर्षी वसंतात तिने मागावर ताणा चढवला आणि तो तसाच राहिला. उन्हाळा गेला. मी जाई तेव्हा ती रिकाम्या ताण्यासमोर मेंढीच्या कातड्यावर बसलेली असे, हातात फणी, आणि समोर काहीच नाही.

"नक्षी येत नाही," ती म्हणाली. "पूर्वी डोळे मिटले की यायची. आता डोळे मिटले की झोप येते."

"वय झालं, मावशी."

"वय माझ्या आईलाही झालं होतं. ती मरेपर्यंत विणत होती." मग जरा वेळाने, ताण्याकडे पाहत ती म्हणाली, "विणता येत नसेल तर मी कोण आहे, लेका? मेंढ्या हाकणारी म्हातारी. तशा या खोऱ्यात पुष्कळ आहेत."

तिने हात थरथरवून कारण सांगणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं. त्याचा हात थरथरला, थांबला, दाराकडे वळला. "तुझं काहीतरी बंद झालंय," तो म्हणाला. "घरात नाही. रस्त्याने जा." तो गेल्यावर मावशी म्हणाली, "रस्त्याने जा म्हणतो. त्याचा पुतण्या जुने टायर विकतो." पण त्या संध्याकाळी तिने विचार केला आणि सकाळी मला निरोप पाठवला की गाडीत पेट्रोल भरून ये.

तिचं म्हणणं साधं होतं. गेल्या हिवाळ्यात तिने दोन गालिचे दिले होते, दोन्ही कोरड्या झऱ्याच्या दुकानात, वेंडेल प्रॉक्टरला. बाहेरच्या लोकांना काठातली वाट म्हणजे चूक वाटते. शिकलेल्या माणसाला चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. कुणीतरी काळा दोरा घेऊन ती भरून टाकली असणार, आणि मावशीचं मन वेंडेलच्या फळीवर, नाहीतर कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत, अडकून पडलं असणार.

"वेंडेलने केलं असेल?"

"वेंडेलला सुई धरता येत नाही," ती म्हणाली. "हे त्याने मुद्दाम सगळ्यांना सांगून ठेवलंय."

निघताना तिने बरोबर घेतलं ते असं: कॉफीचा थर्मास, भाजलेलं मटण गुंडाळलेल्या रोट्या, एक घोंगडी, जुनिपरच्या राखेची पुडी, आणि मक्याच्या पवित्र परागाची पिशवी. टायरला एकेक लाथ मारून मग ती आत बसली आणि एक हात दाराच्या कडीवर ठेवला. मी गाडी चालवत असताना तिचा हात नेहमी तिथेच असतो. मी मनाला लावून घेत नाही. खेचरावर बसतानाच तेवढे तिचे दोन्ही हात मोकळे असत.

बिटर वॉश नावाच्या कोरड्या ओढ्याच्या अलीकडे एक कोल्हा रस्ता ओलांडून उत्तरेकडे गेला. मी ब्रेक दाबला. कोल्हा गेलेल्या रस्त्यावरून तसंच पुढे जायचं नसतं, परत फिरायचं किंवा त्याच्या पावलांवर पराग टाकायचा. मावशीने पिशवी उघडली, चिमूट नाकाशी धरली आणि पुन्हा आत टाकली.

"काय झालं?"

"हा मी बाजारात घेतलाय. त्या बाईने पीठ मिसळलं असणार. फसवा पराग टाकला तर कोल्ह्याला राग येईल."

"मग परत फिरायचं?"

"थांबायचं."

आम्ही थांबलो. कॉफी प्यायलो. बऱ्याच वेळाने मागून एक भाड्याची चकचकीत गाडी आली. आतल्या दोघांनी हात हलवून विचारलं, मदत हवी का. मावशीने हसून नको म्हटलं, आणि ते पुढे गेले, कोल्ह्याच्या वाटेवरून.

"आता चल," मावशी म्हणाली. "त्यांना चालतं. त्यांचा विमा असतो."

कोरड्या झऱ्याचं दुकान वेंडेलच्या आजोबांनी बांधलं, आणि त्याचं काउंटर मुद्दाम छातीइतकं उंच ठेवलं, म्हणजे गिऱ्हाइकाला वर बघून बोलावं लागतं. वेंडेलला आमची भाषा येते; मेंढ्यांच्या बाबतीत अस्खलित, बाकीच्या बाबतीत वेळ मारून नेण्यापुरती. दुकानात शिरल्या शिरल्या कामाचं बोलणं म्हणजे उद्धटपणा. मावशी आधी लगामांकडे पाहत उभी राहिली, मग कंदिलांकडे, मग पिठाच्या पोत्यांकडे. मी बुटांकडे पाहत राहिलो. वेंडेल खिडकीबाहेर पाहत होता. असा पुरेसा वेळ गेल्यावर त्यांनी बोटांना बोटं लावून हात मिळवले.

"बरी आहेस ना, ग्लेनाबाह?"

"अजून आहे."

"मेंढ्या?"

"त्याही आहेत. तुझी पाठ?"

"दुखते."

"दुखणारच. उंच जागी उभा असतोस."

वेंडेल हसला. मग त्याने एक विचित्र गोष्ट केली. फळीवरचा पीचचा डबा काढला, आपल्या हाताने फोडला, त्यात चमचा घातला आणि मावशीसमोर ठेवला. मावशीने डब्याकडे पाहिलं. मग ओठ पुढे काढून, बोट न दाखवता, मला तो डबा दाखवला.

"याच्या बापाने कधी फुकट डबा फोडला नाही," ती हळूच म्हणाली. "काहीतरी आहे."

"मावशी, माणूस प्रेमानेही—"

"वेंडेल?"

मावशीने पीच खाल्ले. मग म्हणाली, माझे हिवाळ्यातले गालिचे कसे आहेत ते पाहावंसं वाटलं. जणू दोन मुली नांदायला दिल्यात आणि सहज डोकावतेय. वेंडेलने गठ्ठ्यातून एक उपसून पसरला. तिने तो हुंगला, उजेडात धरला, बोट ओलं करून वाटेवरचा धागा चोळला, उलटा करून पुन्हा चोळला. वाट मोकळी होती.

"हा बरा आहे. दुसरा?"

"गेला."

"कुठे?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे किती बाहेर?"

"घेणारा बाहेरचा होता," वेंडेल म्हणाला आणि दुसरा डबा फोडला.

इथे मावशीने जे केलं ते मी शाळेत शिकवताना मुलांवर अनेकदा करून पाहिलं आहे, मला जमत नाही. ती काहीच बोलली नाही. एकेक फोड सावकाश खात राहिली, पाक प्यायली, डब्याच्या तळाशी पाहिलं आणि मग वेंडेलच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे. कुणाच्या डोळ्यांत बघणं आमच्यात वाईट. बटणाकडे बघायला मनाई नाही. वेंडेलने बटण चाचपलं.

"रुंद खडकापाशी," तो शेवटी म्हणाला. "तिथली ती नवी इमारत आहे ना, पाहायला येणाऱ्यांसाठी. तिथे भिंतीवर लावलाय. चांगल्या मानाने लावलाय, ग्लेनाबाह."

मावशीने चमचा खाली ठेवला.

रुंद खडकाच्या कपारीत जुन्या लोकांची घरं आहेत. आम्ही इथे यायच्या आधीचे ते लोक. त्यांची धान्याची कोठारं, त्यांची मडकी, आणि ते स्वतःही, सगळं तिथेच आहे. आमच्यातलं कुणी तिकडे पाय ठेवत नाही. मी इतिहास शिकवतो, पण मीसुद्धा वर्गाला गाडीतळापर्यंतच नेतो आणि बाकीचा इतिहास दुरून दाखवतो.

"मेलेल्यांच्या अंगणात टांगलंस माझं विणकाम."

"अंगणात नाही, अंगणाच्या बाहेर, गाडीतळाला लागून—"

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू दिला नसतास."

"म्हणून सांगितलं नाहीस."

"म्हणून सांगितलं नाही."

"आज पहिलंच खरं बोललास," मावशी म्हणाली. फळीवरचा तिसरा डबा उचलून तिने न फोडता पिशवीत टाकला, आणि वेंडेल त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होता. याला आमच्याकडे व्यवहार म्हणतात.

आम्ही रुंद खडकाच्या रस्त्याला लागलो. लाल खडक मागे गेले, पिवळ्या फुलांची झुडपं रस्त्याच्या दोन्ही कडांना लागली, आणि मग ती कपार दिसू लागली, सावलीत बसवलेल्या दगडी भिंतींसकट. मावशीने मान फिरवली. गाडीतळात मी गाडी लावली तेव्हा तिने मला ती उलटी लावायला लावली, तोंड बाहेरच्या रस्त्याकडे आणि पाठ घरांकडे. मग मेलेल्यांची बाधा होऊ नये म्हणून राख काढून स्वतःच्या कपाळाला लावली, माझ्या लावली, आणि उरलेली माझ्या बुटांत टाकली.

"तू जा. मी येत नाही."

"आत हाडं नाहीत, मावशी. दारावर तसं लिहिलंय."

"लिहावं लागलं, म्हणजे होती."

मी आत गेलो. बुटांतली राख चालताना करकरत होती. गालिचा समोरच्याच भिंतीवर होता, काचेमागे, रुंद काळ्या लाकडी चौकटीत. खाली पाटी: नावाहो गालिचा, विणणारी अज्ञात. मी वरच्या उजव्या कोपऱ्याशी नाक लावलं. आतला फिकट धागा काळ्या काठात शिरलेला दिसत होता, आणि काठाच्या मध्यावर त्याच्यावर लाकूड आलं होतं. सगळ्या बाजूंनी. कुणी सुईने काही भरलं नव्हतं. नीटनेटकेपणाने बंद केलं होतं, एवढंच.

बाहेर येऊन मी सांगितलं. मावशीने विचारलं, कुठला कोपरा पाहिलास. वरचा उजवा. तुझा उजवा की गालिच्याचा? उलटा टांगला नव्हता ना? चौकट कशी, टेकलेली की दाबलेली? मी परत आत गेलो, परत आलो. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझ्या लक्षात आलं, तिला स्वतः पाहायचं आहे, आणि ती आत जाणार नाही. आत मेलेले होते आणि बाहेर मी होतो. तिला दोन्हींपैकी कुणावर तरी विसंबायचं होतं, आणि ती खरोखर विचारात पडली होती.

तेवढ्यात सरकारी टोपी घातलेली एक मुलगी इमारतीतून आमच्याकडे आली. मी सारखा आतबाहेर करताना तिने पाहिलं होतं. गाडीजवळ येऊन तिने टोपी काढली आणि रीतीप्रमाणे सांगितलं: नाव शँडीन, आई कडू पाण्याच्या कुळातली, बाप पाण्याच्या काठचा.

मावशीचा हात कडीवरून सुटला. बाप आपल्या कुळातला, म्हणजे तो मामा आणि ही मामेबहीण, मग ती पंचविशीची का असेना. आणि मामेबहिणीशी थट्टा करणं नुसतं चालतं असं नाही, ते करावंच लागतं.

"एवढी मोठी टोपी?" मावशी म्हणाली. "खाली काय लपवतेस, बाई?"

"तुझ्यासाठी नवरा, बहिणी. पण तू इतकी म्हातारी का झालीस? मला विचारायचंस तरी."

"मेलेल्यांत नोकरी करतेस. ते पगार वेळेवर देतात?"

"जिवंत माणसांपेक्षा बरे आहेत. गालिचे परत मागत नाहीत."

मावशी हसली, पण लगेच थांबली. "मी परत मागायला आले हे तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या साहेबांना तसं वाटतंय," शँडीनने ओठ इमारतीकडे केले. साहेब दारात उभे होते. लिंडक्विस्ट नावाचे, मिनेसोटाकडचे, उंच, सभ्य, आणि कुणी काही परत मागेल या भीतीने वाकलेले. ते जवळ आले, मावशीकडे पाहून मान लववली आणि शँडीनला इंग्रजीत म्हणाले, "यांना सांग की संग्रहातली वस्तू परत देता येत नाही. आणि जरा बोलण्यात गुंतव. तोवर मी वकिलांना फोन करतो."

इथे एक सांगायला हवं. मावशीला इंग्रजी येतं. लहानपणी सरकारी शाळेत कोंबलं होतं तेव्हा ते तिच्यात घातलं गेलं. पण ते तिने कधी कुणाला दाखवलं नाही. समोरचा काय बोलतो ते आधी एकदा ऐकायचं, मग भाषांतर ऐकायचं, आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचं. या पद्धतीने तिने माझ्यासकट खूप लोकांना कायमचं खोडून टाकलं आहे.

शँडीनने जरासं खाली पाहिलं. मग म्हणाली, "म्हणतायत, परत देता येत नाही. मला म्हणाले तुला बोलण्यात गुंतवून ठेव. वकिलांना फोन करणार आहेत."

मावशी तिच्याकडे पाहत राहिली. चेहऱ्यावर काही नव्हतं. पण तिने शेजारची घोंगडी सरकवून गाडीत जागा केली, आणि शँडीन तिथे बसली.

"त्याला सांग, मला गालिचा नको. मला ती चौकट नको."

लिंडक्विस्टांनी ऐकून घेतलं. काहीच परत न मागणारी बाई त्यांना जास्तच धोक्याची वाटली. "पण तो यांचाच कशावरून?" ते म्हणाले. "दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी येऊन काहीतरी आपलं असल्याचं सांगतं."

शँडीनने तेही जसंच्या तसं सांगितलं. मावशीला राग आला नाही. उलट, पहिल्यांदाच तिला तो माणूस थोडा समजल्यासारखा दिसला.

"खालच्या डाव्या कोपऱ्यात," ती म्हणाली, "काठाच्या अगदी शेवटच्या ओळीत, मी माझ्या तांबड्या शेळीचे केस विणते. नखाएवढ्या लांबीत. काळ्यात दिसत नाहीत, उन्हात धरले तर दिसतात. माझ्या नावावर कुणी खोटा गालिचा विकला तर मला कळावं म्हणून. हे माझ्या मुलीलाही माहीत नाही." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आता यालाही कळलं."

"खालचा डावा कोपरा," लिंडक्विस्ट म्हणाले. "तो चौकटीखाली आहे."

"आहे ना," मावशी आमच्या भाषेत म्हणाली. "मग काढा."

साहेब उभेच राहिले. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला चेहऱ्यावरून दिसत होतं. चौकट काढली आणि केस नसले, तर बाई खोटी ठरणार आणि प्रकरण कायमचं मिटणार. वकिलांपेक्षा ते स्वस्त होतं. राजांनी आणि पुढाऱ्यांनी संशयापोटी काय काय करवून घेतलं ते मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे, पण संशयाने एखादा स्क्रू सैल केलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पांढरे हातमोजे घालून शँडीन आणि साहेब गालिचा बाहेर घेऊन आले. मी गाडीच्या बॉनेटवर घोंगडी अंथरली, तिच्यावर तो ठेवला. साहेब खाली वाकले, चष्मा कपाळावर सारला, डाव्या कोपऱ्याशी डोळे नेले. ऊन तिरपं होतं. काळ्या लोकरीत नखाएवढी तांबूस चमक होती.

ते सरळ झाले आणि चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मावशीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती गाडीतून उतरून दुसऱ्या कोपऱ्याशी पोचली होती. फिकट धागा काळा काठ ओलांडून कडेपर्यंत आला होता, पण शेवटच्या तुकड्यावर लाकडाचा दाब बसून तो चपटा झाला होता, झोपलेल्या गालावर उशीची घडी उमटते तसा. मावशी अंगठ्याने तो चोळत राहिली. आतून बाहेर, आतून बाहेर. कपारीकडे आपली पाठ आहे की तोंड हेसुद्धा ती विसरली होती. तोंड होतं.

"पाटीवर आता नाव लिहू," लिंडक्विस्ट म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "अज्ञात लिहिणं बरं नव्हतं. वरचे लोकही सारखे विचारतात. नाव सांगा म्हणावं. चौकट मात्र परत लावावी लागेल, टांगायची पद्धत आहे."

शँडीनने सांगितलं. मावशी थांबली. अंगठा तिने गालिच्यावरून उचलला आणि पिशवीतून वेंडेलचा तिसरा डबा काढला. खिशातल्या सुरीने फोडला. चमचा घातला. आणि लिंडक्विस्टांपुढे धरला.

साहेब भले गृहस्थ. त्यांना वाटलं, आदरातिथ्य आहे. त्यांनी आभार मानून एक फोड खाल्ली, मग दुसरी. मी शेजारी उभा राहून जमिनीकडे पाहत होतो.

"नाव त्याला किती हवंय?" मावशीने हळूच विचारलं.

"खूप," शँडीन म्हणाली. "टांगल्यापासून बोलणी खातोय."

"मग सांग त्याला. चौकट द्यावी आणि नाव घ्यावं. वरून एक पट्टी लावून सोडायचा, चारी कडा मोकळ्या."

"म्हणतायत, वरिष्ठांना विचारावं लागेल."

"मग मलाही माझ्या नावाला विचारावं लागेल."

तिसरी फोड साहेबांनी चमच्यातच ठेवली. आमच्यात नाव असं उठसूट वापरत नाहीत, वापराने ते झिजतं. माणसाला हाक मारायची ती नात्याने. हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर आता उमटलं. किती मोठी वस्तू आपण मागतोय याची त्यांना जाणीव झाली. त्यांनी डबा खाली ठेवला आणि शब्द दिला. चौकट निघाली ती निघाली.

मग मावशीने त्यांच्या बटणाकडे पाहत, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "ग्रेस मिलर. शेवटी र. नीट लिहून घ्या."

शाळेत असताना कुण्या मास्तरणीने सकाळी यादी वाचायला सोपं जावं म्हणून ते नाव तिला चिकटवलं होतं. साठ-पासष्ट वर्षांत त्या नावाने तिला कुणी हाक मारली नसेल. ते तिने टाकून का दिलं नाही, हे मला त्या दिवशी गाडीतळात कळलं. ती गिऱ्हाइकाची वाट पाहत होती.

लिंडक्विस्ट नाव लिहून घेत होते. मध्येच त्यांची पेन्सिल थांबली. दारातून आल्यापासून आपण इंग्रजीत काय काय बोललो ते त्यांना आठवत असावं. कान आधी लाल झाले, मग मान.

गालिचा पुन्हा भिंतीवर गेला. पण तो कसा टांगला हे मावशी पाहू शकत नव्हती. तिने मला आत पाठवलं, मी आल्यावर गाडीच्या पलीकडे नेऊन काय पाहिलंस ते विचारलं. मग शँडीनला आत पाठवलं, आणि तिला अलीकडे घेऊन विचारलं. दोघांचं सांगणं जुळलं. मावशी तरीही क्षणभर घुटमळली.

"बहिणी," शँडीन म्हणाली, "मी रोज येताना आधी तोच कोपरा पाहीन."

"मामेबहिणीवर कुणी विश्वास ठेवतं का?" मावशी म्हणाली. पण उरलेले पीच तिला दिले.

परतताना बिटर वॉशपाशी ऊन कलंडलं होतं. माझ्या गाडीच्या आत, पुढच्या काचेखाली, बोटभर धूळ साठलेली असते. बायको त्यावरून बोलते. मावशी तिच्याकडे पाहत होती. मग तिचं बोट पुढे आलं. पायऱ्यापायऱ्यांचा एक चौकोन, त्याच्या आत एक, कोपऱ्यांतून फुटणारे हुकासारखे आकडे. खड्डा आला की ती थांबे, मग तिथूनच पुढे चालू. शेवटी तिने भोवती काठ ओढला, आणि वरच्या उजव्या बाजूला धुळीतून एक रेघ कडेपर्यंत नेली. दोन्ही हात तिचे मोकळे होते. कडीकडे माझं लक्ष गेलं, तिचं नव्हतं.

"पुसू नकोस," ती म्हणाली. "आणि पाहूही नकोस. रस्त्याकडे बघ."

पहिलं बर्फ पडलं तेव्हा मी सरपण घेऊन गेलो. खिडकीतून तिने माझी धूळ पाहिली नाही, कारण बर्फात धूळ उडत नाही. मी दारात उभा राहिलो तेव्हा ती दचकली, आणि आपण दचकलो याचा तिला राग आला. मागावर गालिचा जवळजवळ पुरा होता. वरचा काठ तेवढा चालू होता.

"बरा आलास. मेंढ्या मोजू नकोस आज. इकडे ये."

मी कातड्यावर तिच्या शेजारी बसलो. तिने फिकट धागा काळ्या काठात घातला, फणीने खाली बसवला, एकेक ओळ, आणि कडेला आणून सोडला. मग मला ओठांनी तो दाखवला.

"दिसली?"

"दिसली."

"उद्या कुणी बुजवली, तर ती होती हे कुणीतरी सांगायला हवं. नीट पाहिलीस?"

"नीट पाहिली, मावशी."

तिने थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"परत पाहा," ती म्हणाली.